रात्री जेवायला कोण कोण?

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सुदाम आप्पा पहिला प्रश्न हाच विचारायचे. "रात्री जेवायला कोण कोण हाय?" नवखं माणूस गोंधळायचं. इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला यावं आणि समोरच्यानं जेवणाची चौकशी करावी, म्हणजे काय? एक बाई तर सरळ म्हणाल्या, "सासूबाई धरून पाच." आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती झाली माणसं. आता बॅटरीवर कोण कोण जेवणार ते सांगा. पंखे किती, दिवे किती, टीव्ही बसणार का पंगतीला?"

शिरूरच्या एसटी डेपोजवळ गाळ्यांची एक ओळ आहे. त्यातला सहावा गाळा आप्पांच्या बॅटऱ्यांचा आणि सातवा माझा, झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचा. अकरा वर्षं आमची भिंत एक होती. आता आप्पा नांदेडला लेकीकडे असतात आणि त्यांच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकतात. मला त्यांची रोज आठवण येते, पण हे मी त्यांना फोनवर सांगत नाही. चढून बसतील.

सकाळी शटर वर गेलं की भिंतीपलीकडून हाक यायची, "जय भीम, शैलाताई." मी म्हणायचे, "जय भीम आप्पा, आणि माझं स्टूल परत द्या." ते स्टूल कधी परत आलं नाही. सडपातळ माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाशेजारी रबरी फुग्याची काचेची नळी. ती बॅटरीच्या तोंडात घालून पाणी ओढायचं आणि आतला काटा किती तरंगतो ते बघायचं. डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप घालून हिंडतात तसे आप्पा ही नळी घेऊन हिंडत. लग्नाला आले तरी खिशात नळी. पँटीला ॲसिडची भोकं पडलेली असायची आणि त्यांच्या बायकोनं, कौसाकाकूंनी, ती हाताला येईल त्या दोऱ्यानं रफू केलेली असायची. एका पँटीवर मी हिरवा, जांभळा आणि केशरी असे तीन रंग मोजले होते. काकू म्हणाल्या, "ह्यांना कुठं नवरदेव व्हायचंय."

गिऱ्हाइकानं पाहुणे सांगितले की आप्पा यादी करायचे. कोण, किती खातो, किती तास बसतो. ही यादी माझ्या दुकानातल्या वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर व्हायची. कोरा कागद वापरणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं. मीही गठ्ठाच्या गठ्ठा देऊन टाकायचे, आणि त्याचं फळ मला मिळालं. न्हावऱ्याच्या एका माणसाला बॅटरीची यादी मिळाली, तिच्या पाठीमागे त्याच्याच चुलतभावाचा सातबारा. दोघांचा बांधावरून वाद चाललेला. तो चुलतभाऊ माझ्या दुकानात येऊन जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. तेव्हापासून मी कागद आधी बघायचे आणि मग द्यायचे. आप्पा उलट मलाच म्हणाले, "यादीची बाजू वाचायची सोडून लोक पाठ कशाला वाचत्यात?"

त्यांचा दुसरा कायदा निम्म्याचा. बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. "पातेलं खरवडून जेवलं की पातेलं लवकर जातं," म्हणायचे. म्हणून जेवढा स्वयंपाक लागतो त्याच्या दुप्पट पातेलं घ्यायचं, त्याहून मोठं मात्र नाही. तिसरा कायदा असा की आलेली प्रत्येक बॅटरी मेलेली नसते. लोक जुनी टाकून नवी घ्यायला यायचे. आप्पा जुनीच्या तोंडात नळी घालायचे आणि म्हणायचे, "आजारी न्हाई ही, उपाशी हाय." दोन दिवस चार्जिंगला लावून परत द्यायचे. असं कुठं दुकान चालतं का? पण त्यांचं चालायचं, रडतखडत.

रांजणगावच्या एका कंपनीतले साहेब एकदा गाडीतून उतरले. नवा फ्लॅट घेतलेला. म्हणाले, "सगळ्यात मोठी बॅटरी द्या." आप्पांनी यादी केली. दोन पंखे, चार दिवे, इंटरनेटचं खोकं. आप्पा म्हणाले, "साहेब, एवढ्याला ही मधली बास झाली." साहेबांचा चेहरा पडला. शेजाऱ्याकडं मोठी आहे, असं काहीतरी म्हणाले. आप्पा म्हणाले, "शेजाऱ्याकडं पंगत मोठी आसंल." साहेब गाडीत बसले आणि रस्त्यापलीकडच्या किरणशेठच्या दुकानासमोर उतरले. मी भिंतीआडून डोकं काढून आप्पांना चार शब्द सुनावले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, माझ्याच स्टुलावर बसून.

माझ्यावरही पाळी आली होतीच. वीज जायची तेव्हा माझं दुकान बंद पडायचं, म्हणून मी आप्पांकडून इन्व्हर्टर घेतला. यादीत संगणक, पंखा, दोन दिवे. मग मी हुशारी केली आणि झेरॉक्स मशीनही त्यालाच जोडलं. वीज गेली, मी बटण दाबलं, आणि इन्व्हर्टर कुत्र्यासारखा भुंकायला लागला. आप्पा आले, मशीनच्या बाजूला हात लावून बघितला. "गरम होतंय न्हवं?" मी म्हटलं, "होणारच, आत शाई वितळते." ते म्हणाले, "शैलाताई, एक ध्यानात ठेवा. जे फिरतं ते थोडं खातं. जे उजेड देतं ते थोडं खातं. जे तापवतं ते एकटंच अख्खी पंगत खातं." हे वाक्य पुढं एका माणसाच्या उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

किरणशेठनं लिथियमच्या निळ्या बॅटऱ्या ठेवायला सुरुवात केली तेव्हापासून आप्पांनी रस्त्याच्या त्या बाजूला बघणंच सोडलं होतं. 'निळं खोकं' ही त्यांच्या तोंडातली सगळ्यात मोठी शिवी. "तोंड न्हाई, पाणी न्हाई, नळी घालायला जागा न्हाई. तिचं दुखतंय कुठं ते मला कसं कळायचं?" मी म्हटलं, काळाप्रमाणं बदलावं माणसानं. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कारण मला काकूंनी सांगितलं. आप्पा रांजणगावला एका कंपनीत सव्वीस वर्षं चार्जिंग रूम सांभाळत होते. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांच्या बॅटऱ्या ओळीनं लावायच्या, पाणी घालायचं, मापं घ्यायची. एक दिवस नव्या गाड्या आल्या, लिथियमवर चालणाऱ्या. त्यांना ना पाणी लागत होतं, ना आप्पा. चार्जिंग रूमला कुलूप लागलं. साहेबांनी हार घातला आणि एक कुकर दिला. "तो कुकर अजून खोक्यात हाय," काकू म्हणाल्या. "मला वापरू देत न्हाईत. मी आपली पातेल्यात डाळ शिजवती." मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी स्टूल मागितलं नाही.

आणि मग नथूमामा आले.

बाजारचा दिवस होता. आधी सुनंदा आत आली, कंपनीच्या बसमधून उतरून तशीच, अंगात कंपनीचा निळा कोट. ती इथंच शिरूरला दिलेली, रांजणगावला पहिल्या पाळीत कामाला. तिच्या मागून तिचे वडील, जाड मानेचे, बुटके, टोपी हातात घेतलेले नथूमामा. काखेत एक काळी बॅग. मामा मूळ राहू गावचे, पण त्यांचा धंदा दौंडच्या खालच्या अंगाला, धरणाचं पाणी मागं तुंबून भीमा फुगते तिथं. संध्याकाळी जाळी टाकायची, होडीवरच झोपायचं, उजाडता जाळी काढायची. पत्र्याची होडी, वर तट्ट्याचं छप्पर.

आप्पांनी विचारलं, "रात्री जेवायला कोण कोण हाय?"

सुनंदानं बॅग उघडली. आत एक पांढरं मशीन, त्याला लांब नळी आणि नळीला नाकावर लावायचा मुखवटा. "आप्पा, बाबांचा झोपेत श्वास थांबतो," ती म्हणाली. "थांबतो म्हणजे थांबतोच. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलंय. हे मशीन रात्रभर हवा ढकलतं. घरी असले की लावतात. होडीवर वीज कुठली? आठवड्यातल्या पाच रात्री विनामशीनच्या. मी इकडं जागी." मग तिनं बापाकडं न बघता सांगितलं, "मी यांना शेवटचं सांगितलंय. होडीवर हे मशीन चाललं पाहिजे, नाहीतर होडी विकायची. गिऱ्हाईक ठरलंय. येत्या रविवारी सकाळी बघायला येतोय."

आप्पांनी विचारलं, "मामा, तुमचं काय म्हननं?"

"जाळं सोडून घरी यावं तर दुसऱ्याची होडी त्याच्यावरनं जाती, नायतर मासं भलताच कोन तरी काढतो," मामा म्हणाले. मग टोपी फिरवत म्हणाले, "आन् खरं सांगू का आप्पा, घरात मला झोप न्हाई. छत अंगावर येतं. होडी गेली तर माझं काय ऱ्हायलं?"

"आधी काय करून बघितलं?"

बापलेक एकमेकांकडं बघायला लागले. मामांनी पुतण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून होडीवर नेली होती. पहाटेच्या आधीच मशीन बंद. सकाळी पुतण्या ऊस वाहायला निघाला तर ट्रॅक्टर चालू होईना. भावकीत तीन दिवस अबोला. आप्पा म्हणाले, "ट्रॅक्टरची बॅटरी म्हंजी पैलवान. एक डाव जोरात टाकनार आन् बसनार. रातभर जागायला पैलवान न्हाई, भजनी मंडळ लागतं." आणि त्यांनी माझ्याकडं हात पसरला. मी पाठ तपासून एक कागद दिला. यादी झाली: मशीन, एक दिवा, मोबाइल, एक हातभर पंखा आणि रेडिओ. रेडिओ काढू का, असं सुनंदानं विचारलं तेव्हा मामांचा चेहरा बघवेना. आप्पा म्हणाले, "रेडिओ मुंगीएवढा खातो. बसू दे त्याला."

गुरुवारी टेम्पोत घालून बॅटरी निघाली. घरच्या इन्व्हर्टरची असते तशी, दोन माणसांनी उचलायची, पाण्याची. मी दुकान बंद करून गेले, कारण मला होडीत बसायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. काठावर गेल्यावर कळलं की आप्पांना पाण्याची भीती वाटते. जन्म घोडनदीच्या काठावर गेला, पण पाण्यापासून दहा पावलं लांब उभे राहून ते सूचना देत होते.

बॅटरी मागं ठेवली तर होडीनं नाक वर केलं. पुढं सरकवली तर नाक पाण्यात. मधोमध ठेवली तेव्हा कुठं होडी सरळ झाली. मग मामा म्हणाले, "आन् मी कुठं झोपू?" आप्पा लांबूनच म्हणाले, "झोपून दाखवा." मामा बॅटरीला पोटाशी धरून कुशीवर आडवे झाले. सुनंदा हसली, मी हसले, टेम्पोवाला तर खालीच बसला. आप्पा हसले नाहीत. तेवढ्यात दुसरी एक होडी जवळून गेली, लाट आली, बॅटरीच्या झाकणांतून थेंब उडाले आणि मामांच्या घोंगडीला बारीक भोकं पडली. आप्पांनी आपल्या पँटीकडं बघितलं.

शिवाय ती रोज चार्ज करायची म्हणजे काठावरच्या मोटरीच्या खोलीत न्यायची, चिखलाची चढण चढून. ज्याचा झोपेत श्वास थांबतो त्या माणसानं.

आप्पा एका दगडावर बसले. यादी काढून वाचू लागले. सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, आता पुरे. मी रविवारी त्या माणसाला हो म्हणते." होडी विकायची तिलाही हौस नव्हती. ह्याच होडीच्या कमाईवर बापानं तिला शाळा शिकवली होती.

"मशीन आना," आप्पा म्हणाले. त्यांनी ते मांडीवर घेतलं, उलटसुलट केलं, बाजूची पाण्याची डबी ओढून काढली. "ह्यात पानी कशाला?"

"हवा कोरडी लागू नये म्हणून. खालची पट्टी ते पाणी तापवते आणि वाफ देते," सुनंदा म्हणाली.

"तापवती?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. माझं झेरॉक्स मशीन आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. "मामा," ते म्हणाले, "तुम्ही झोपता कुठं?"

"पान्यावर."

"पान्यावर झोपनाऱ्या मानसाला वाफ इकत कशाला पाहिजे?"

पण आप्पा कायद्याचे. आपल्या मनानं डबी काढून टाकणं त्यांना पटणारं नव्हतं. "डॉक्टरला इचार," म्हणाले. सुनंदानं तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले की नाक-घसा कोरडा पडत नसेल तर वाफ बंद ठेवली तरी चालेल, हवेचा दाब मात्र ठरवून दिलाय तोच राहू द्या. आप्पांनी यादीतली ओळ खोडली आणि नवा हिशेब मांडला. जेवण अर्ध्याहून खाली आलं.

मग दुसरी काटछाट. बॅटरीची वीज इन्व्हर्टरनं घरच्यासारखी करायची आणि मशीनच्या अडॅप्टरनं पुन्हा खाली आणायची, ह्या उलाढालीत मधल्यामधे बरीच जाते. "वाढपीच खातोय," आप्पा म्हणाले. "वाढपी नको. सरळ बॅटरीतनं ताटात." गाडीत वापरायची तार मिळते ह्या मशीनला, ती घ्यायची ठरली.

मामा खुशीत आले. "म्हंजी आता लहान बॅटरी चालंल न्हवं? तुमची पान्याची?"

आप्पांनी यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली. नदीकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "चालंल. पर निम्म्याच्या खाली न्यायची न्हाई, म्हंजी दुप्पट घ्यावी लागंल. म्हंजी परत जड. आन् हेलकाव्यात थेंब उडनारच." मग उठले, पँट झटकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "निळं खोकं लागंल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखे आले नाहीत.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सुदाम आप्पांनी रस्ता ओलांडला. आमची अख्खी ओळ बाहेर येऊन उभी राहिली. चहावाल्यानं गाळणी हातात धरली होती ती तशीच. मी तर त्यांच्या मागोमाग गेले, उगाच एक पावती बुक विकत घ्यायचं निमित्त काढून, आणि किरणशेठकडं पावती बुकं मिळत नाहीत हे मला माहीत होतं. किरणशेठ उभा राहिला. आप्पा बसले आणि दोन तास प्रश्न विचारत राहिले. आत काय असतं, थंडीत कशी वागते, थेंब गेला तर काय, पार रिकामी झाली तर काय, कुणी उलटी तार जोडली तर काय. काही उत्तरं किरणशेठला येत होती, काहींसाठी त्यानं कंपनीला फोन लावले. घाम पुसत होता.

शेवटी आप्पा म्हणाले, "सगळं झालं. पर तू मला एक इचारलंच न्हाई."

किरणशेठला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं हातातला फोन खाली ठेवला. "आप्पा," तो म्हणाला, "रात्री जेवायला कोण कोण आहे?"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खिशातून यादी काढून मोठ्यानं वाचली. एवढा खुश चेहरा मी त्यांचा तोवर बघितला नव्हता. किरणशेठनं एक बॅटरी काढून दिली, एका हातात मावणारी. आप्पांनी ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. पुन्हा उचलली. "हे काय वजन म्हनायचं?" असं स्वतःशीच म्हणाले.

शुक्रवारी रात्री मामांना सुनंदाच्या घरी त्या बॅटरीवर झोपवून बघितलं. सकाळी निम्म्याहून जास्त शिल्लक. शनिवारी आप्पांनी तिला झाकणाच्या डब्यात घातलं, तोंडाशीच फ्यूज बसवला, डबा कुठं बांधायचा ते चित्र काढून दिलं. बापलेक दौंडकडं गेले. सुनंदा काठावरच्या वस्तीत चुलतीकडं मुक्कामाला राहणार होती. ठरलं असं की रविवारी उजाडलं की मामा फोन करतील.

रविवारी सहा वाजता आप्पा माझ्या घरी हजर. म्हणे, एकट्याला बसवत नाही. साडेसहा झाले, फोन नाही. सात झाले. मी दोनदा चहा केला, त्यांनी एकदाही प्याला नाही. साडेसातला त्यांनीच सुनंदाला लावला. ती काठावर उभी होती आणि रडत होती. होडी मधोमध, हलत नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. मामांचा फोन वाजतोय आणि उचलत नाहीत. कुणीतरी दुसरी होडी काढायला गेलंय. आप्पांनी फोन खाली ठेवला आणि यादी उघडून एकेक ओळीवर बोट ठेवत गेले. मशीन, दिवा, मोबाइल, पंखा, रेडिओ. परत वरून सुरुवात. "मी वाफ काढली," एवढंच म्हणाले.

आठला पाच कमी असताना फोन वाजला.

"आप्पा," पलीकडून मामांचा जडावलेला आवाज, "डोळाच उघडला न्हाई हो."

माणूस झोपला होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा होडीवर रात्रभर झोपला होता. दुसऱ्या होडीवाल्यानं खांदा धरून हलवलं तेव्हा उठला. उन्हं चांगली वर आली होती आणि जाळी तशीच पाण्यात. आप्पांनी विचारलं, "बॅटरी किती ऱ्हायली?"

"निम्म्याच्या वर हाय."

मग सुनंदा बोलली, हसत होती की रडत होती कळेना. "आप्पा, गिऱ्हाईक येऊन उभं होतं. परत पाठवलं त्याला." फोन ठेवल्यावर आप्पांनी थंडगार चहा एका घोटात संपवला, पेन काढलं आणि यादीच्या तळाला एक शब्द वाढवला. गजर.

त्यानंतर आप्पांच्या दुकानात फळीवर एक निळं खोकं आलं. होडीवाले यायला लागले, मेंढरांमागं रानात राहणारे यायला लागले, आणि किरणशेठ अडला की यादी करून घ्यायला रस्ता ओलांडून यायचा. दीडएक वर्षानं आप्पा एका सकाळी म्हणाले, "शैलाताई, गाळा सोडतो. लेक लई वर्षं बोलावती." मी चिडले. म्हटलं, आत्ता कुठं चांगलं चाललंय. ते म्हणाले, "मागच्या टायमाला कुलूप दुसऱ्यानं लावलं. ह्या टायमाला मी लावनार." सामान बांधायला मदत म्हणून मी त्यांच्या घरी गेले तर चुलीवर तो कुकर. शिट्टी होत होती. काकूंनी मला डोळ्यांनीच दाखवला.

जायच्या आधी आप्पांची एक इच्छा होती. एक रात्र नथूमामांच्या होडीवर काढायची. पाण्याला भिणारा माणूस. मी स्कूटरवरून त्यांना नेऊन सोडलं, दौंडपर्यंत सबंध रस्ता ते मला ब्रेकबद्दल सूचना देत होते. काठावर मामांनी हात दिला. आप्पा होडीत बसले, दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरून. खिशात ती काचेची नळी होतीच. त्या निळ्या खोक्याला घालायला तोंड नाही, तरी नळी बरोबर. मामांनी वल्हं मारलं. थोडं आत गेल्यावर छपराखालचा दिवा लागला आणि त्या उजेडात मला आप्पांचा पांढरा शर्ट दिसला, ताठ, अजिबात न हलणारा. मग एक हात कडेवरून सुटला. सावकाश वर गेला आणि त्यांनी मला टाटा केला.

मला रडू आलं. माझं मलाच हसू आलं.

निघताना स्कूटरच्या डिकीत पिशवी ठेवायला गेले तर आत घडी केलेला कागद. माझ्याच दुकानातली वाया गेलेली झेरॉक्स, आणि पाठीवर आप्पांचं अक्षर. आज रात्रीची यादी. मशीन, दिवा, मोबाइल, पंखा, रेडिओ, गजर. आणि सगळ्यात खाली, वेगळी ओळ सोडून:

जादा पाहुणा, एक. खातो कमी.